छायाचित्रांचे पाल

गेल्या कार्तिकात आमच्या घरी एका तंबूवरून जेवढा खल झाला, तेवढा माझ्या आठवणीत एखाद्या सोयरिकीवरूनही झालेला नाही. आपल्या हातची वस्तू उघड्या माळावर मांडून विकण्याची हौस ज्यांच्या घरातील मुलासुनांस असेल, त्यांस त्यातील काही भाग उपयोगी पडेल, म्हणून तो येथे देत आहे.

आमची पुतणी छायाचित्रे काढते. खोपोलीत राहणाऱ्यास विषयांची वानवा कधीच पडत नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावरून कोसळणारे धबधबे, नागफणीच्या सुळक्यास अडलेले ढग, नाना फडणविसांनी बांधविलेले तळे, टाटांच्या 1915 सालच्या वीजगृहाकडे डोंगरउतारावरून आलेले अजस्र नळ, हे सारे तिने वर्षानुवर्षे टिपून ठेविले आहे. ते विकावे असे तिने ठरविले, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या थोरल्या भावजींनी, नापसंती दर्शविली. ज्या काळात प्रत्येकाच्या खिशात फोटोचे यंत्र आहे, त्या काळात फोटो विकत घेणारा मनुष्य शोधून सापडावयाचा नाही, असे त्यांचे म्हणणे. सासूबाईंनी काही न बोलता देवघरातील लक्ष्मीच्या तसबिरीकडे बोट दाखविले. रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला व पुढे घाट चढून लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील चित्रे घरोघर लागली, त्यांतलेच हे एक. मग त्यांनी आपल्या ठेवीच्या व्याजातून काही रक्कम काढून नातीच्या हाती दिली. "परत कर, पण घाई नको," एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून प्रश्न केवळ हौसेचा उरला नाही.

पहिला प्रयोग ताकईच्या जत्रेत झाला. साजगाव-ताकईचा हा विठोबा तेथील सुक्या मासळीच्या बाजारामुळे बोंबल्या विठोबा म्हणून ओळखला जातो. आमच्या घरच्या बायका दर्शनास जाताना नाकास पदर लावतात खऱ्या, पण जत्रा चुकवीत नाहीत. शेजाऱ्यांनी ठोकले होते तसेच पाल आम्हीही ठोकले: चार बांबू, दोर आणि वर निळी ताडपत्री. मासळीचे व भांड्यांचे अशा पालाखाली काही बिघडत नाही. चित्रांचे मात्र सर्वच बिघडते. निळ्या कापडातून उतरणारा प्रकाश निळाच असतो. त्याखाली हिरवे डोंगर काळवंडले आणि माणसांचे चेहरे आजारातून उठल्यासारखे दिसू लागले. एखादे चोखंदळ गिऱ्हाईक चित्र बाहेर उन्हात नेऊन पाही, तेव्हा कोठे त्याचे खरे रंग खुलत. परंतु एवढे कष्ट कितीजण घेणार? तिसऱ्या दिवशी दुपारी घाटाकडून वाऱ्याचा एकच झोत आला. ताडपत्री बांबूसकट उचलली गेली आणि 60 प्रतींपैकी 22 धुळीत लोळल्या. पोर घरी येऊन न जेवता निजली.

भावजी "मी सांगितलेच होते" असे म्हणतील, अशी आम्हा सर्वांस भीती होती. ते निवृत्त अभियंते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद-पेन्सिल घेऊन बसलेले दिसले. ताशी 40 किलोमीटरचा वारा 3 मीटर रुंद व 2 मीटर उंच अशा कनातीवर सुमारे 45 किलोंचा जोर लावतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे त्यांनी आम्हांस मांडून दाखविले. बापलेकींचे तंबूविषयी बोलणे सुरू झाले ते तेथून.

छत पांढरेच घ्यावे, यावर दोघांचे तत्काळ एकमत झाले. पांढऱ्या कापडातून गाळून येणारा प्रकाश मऊ असतो व चित्राच्या रंगात आपला रंग मिसळीत नाही. बाजारात लाल, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे तंबू फार आकर्षक दिसतात. मिठाईवाल्यास ते शोभतील.

मापाच्या बाबतीत आम्ही फसता फसता वाचलो. घडीचे तंबू "दहा बाय दहा" म्हणून विकले जातात. परंतु ज्यांचे पाय तिरपे असतात, त्यांत हे माप जमिनीवरील पायांचे असते. वरचे छत पुष्कळदा आठ बाय आठच भरते. म्हणजे 100 चौरस फूट समजून आपण 64 चौरस फुटांची सावली विकत आणतो. शिवाय तिरप्या पायांशी चित्रांची जाळी सरळ उभी राहत नाही. पाय सरळच हवेत. किंमत बरीच अधिक पडली, आणि ती देताना पुतणीचा हात थरथरलेला मी पाहिला.

सांगाडा पोलादी की ॲल्युमिनियमचा, यावर मात्र मतभेद झाला. पोलादी स्वस्त व दणकट. पण घडी करूनही पाच फूट लांबीचे ते ओझे खोपोलीहून कर्जतच्या लोकलमध्ये एकट्या मुलीने कसे चढवावे? शेवटी ॲल्युमिनियमचा घेतला. मग तो हलका म्हणून वाऱ्याची चिंता वाढली. खुंट्या मुरमाड माळावर जेमतेम शिरतात, डांबरी जागेत मुळीच नाहीत. यावर भावजींचा उपाय साधा होता: पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे चार जार रिकामे न्यावेत, जागेवर भरावेत, आणि छताच्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोर खाली आणून एकेकास बांधावा. पायास नुसते टेकवून ठेवणे व्यर्थ. हे झाले 80 किलो. "एवढ्याने झुळूक सोसेल, वादळ नव्हे," असे त्यांनी लेकीस बजाविले. झाडांच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या की कनाती गुंडाळावयाच्या आणि चित्रे पेटीत घालावयाची. अवकाळी पाऊस आला तर छतास पोक येऊ देऊ नये. एका चौरस मीटरवर बोटभरसुद्धा नव्हे, केवळ एक सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन 10 किलो होते.

एक गोष्ट माझीही. कार्तिकापासून माघापर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दुकानाचे तोंड उत्तरेस ठेवावे आणि पश्चिमेची कनात दुपारनंतर सोडावी. नाहीतर काचेच्या चौकटीत गिऱ्हाइकास चित्राऐवजी स्वतःचेच मुख दिसते. मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत बहुधा व्यवस्थापकच गाळे उभारून देतात, तेव्हा तंबू नेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

माघी चतुर्थीस महडच्या वरदविनायकाच्या उत्सवात हा तंबू प्रथम उभा राहिला. सासूबाई खुर्ची टाकून दिवसभर आत बसल्या. वीजगृहाच्या नळांचे चित्र एका वृद्ध गृहस्थांनी घेतले. त्यांच्या वडिलांची सारी नोकरी तेथेच झाली होती. ते बराच वेळ चित्रापुढे उभे होते आणि भावजी त्यांस त्या नळांतील पाण्याचा दाब समजावून सांगत होते. त्या दिवशी 9 चित्रे गेली. सासूबाईंच्या रकमेचा अद्याप तिसरा हिस्साही फिटलेला नाही.

रात्री दव पडले होते. कापड ओले असता घडी घातल्यास बुरशीचे काळे ठिपके पडतात व ते पांढऱ्यावरून निघत नाहीत. म्हणून तंबूचे छत दोन दिवस आमच्या गच्चीवर वाळत होते, आणि पापड खाली अंगणात.