फुलाआधी नाव सांगायची घाई

पावसाळा सुरू झाला की विदर्भातल्या साग-धावड्याच्या जंगलात पाचोळ्यातून एक वेल डोके वर काढते. खोड नाजूक, पाने लांबट, फुलाचा पत्ता नाही. पर्यटक मोबाइल पुढे करतो, अ‍ॅप कसलेसे नाव देते आणि पुढच्या वळणावर वाघ दिसेल या आशेने जिप्सी निघते. खूण मात्र समोरच असते. पानाचे टोक निमुळते होत त्याचाच तणावा बनतो आणि शेजारची काडी पकडतो. ही कळलावी. पिवळी-लाल फुले नंतर येतात. तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असते, जीव घेण्याइतके. अशा वेलीच्या बाबतीत ‘बहुतेक हीच’ असे म्हणून चालत नाही.

अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. फोटोत नसलेले ते कुठून पाहणार? आणि आपण फोटो काढतो तो फुलाचा, फार तर फुलासोबत स्वतःचा. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ मोडला की चीक येतो का, खोडाला काटे आहेत का, हे टिपायला दोन मिनिटे लागतात. झाडांचे तर पानांवाचूनही भागते. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, कांडोळाची पांढुरकी, पापुद्रे सुटणारी. भर उन्हाळ्यातही घोटाळा होत नाही.

एवढ्यानेही नाव कळले नाही, तर मग गुराख्याला विचारावे. वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ जाणतात, हे चरकसंहितेनेही मान्य केले आहे; पण नाव-रूप कळले म्हणजे औषध कळले असे नव्हे, हेही तिथेच बजावले आहे. शंखपुष्पीचेच पाहा. कुणी त्या नावाने विष्णुक्रांता दाखवतो, तर केरळात गोकर्ण पुढे येते. म्हणून स्थानिक नाव जरूर लिहून घ्यावे, पण खात्रीसाठी वाळवून जपलेल्या नमुन्याशी ताडून पाहावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र १९५५ पासून आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. व्याघ्रप्रकल्पांतल्या मार्गदर्शकांना अशा ठिकाणी दोन दिवस बसवायला वन विभागाची हरकत नसावी.

ओळख पटवण्यासाठी रोप उपटणे मात्र थांबलेच पाहिजे. सफेद मुसळीला मुळांच्या मागणीनेच पुरते छळले आहे. अनोळखी रोप जागेवर राहू द्यावे. तारीख, ठिकाण, मातीचा रंग टिपून ठेवावा आणि फळ धरल्यावर पुन्हा तिथे जावे.