रविवारची सुट्टी आणि कोयत्याचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या मुलखात, पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण आहे. त्याच्या कालव्यांच्या पाण्याने वसमतच्या बाजूला ऊस उभा राहिला. त्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांतील माणसे मात्र दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावतात आणि परमुलखातील ऊस तोडायला निघतात. पाणी आणि परागंदा होणे एकाच जिल्ह्यात शेजारी कसे नांदतात, हा प्रश्न ज्या विद्येचा, तिला राजकीय अर्थशास्त्र म्हणतात. आपल्या घरातील मुलीने अथवा मुलाने ही विद्या शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, की आपला पहिला प्रश्न ठरलेला: ‘त्याने पोट भरेल का?’

असे विचारणाऱ्यांनी आधी आपल्या रविवारचा इतिहास आठवावा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांना सांगितले होते. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक निघाले. त्यातही कामगाराच्या साप्ताहिक विश्रांतीचा हक्क मांडलेला आहे. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसावे. तरी गिरणीच्या भोंग्याने दोघांपुढे एकच प्रश्न टाकला होता. या दोन घटना शेजारी ठेवून पाहणे म्हणजेच तौलनिक अभ्यास. तो आपल्याइतका दुसऱ्या कोणाला जवळचा असावा?

‘गिरण्या गेल्या, चळवळी संपल्या, आता अभ्यास कशाचा?’ असा दुसरा आक्षेप घेतला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले, हे खरे. परंतु श्रम संपले काय? केंब्रिजमध्ये इतिहास शिकविणारे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या जॉबरचा बारकाईने विचार केला आहे. जॉबर कामगारांची भरती करी, आणि अडीनडीला उसनवारीही त्याच्याच हातून होई. आता ऊसतोडीचा मुकादम पाहा. तो हंगामाआधी उचल देतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ ठरतो. मजुरी टनावर मिळते. खाडा झाला की पैसे कापले जातात. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर पुढचा हंगाम आधीच गहाण पडलेला असतो. मजूर मुकादमाचे, असे कारखाना म्हणतो. मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो. मालक कोण हेच ठरत नाही, मग भांडावे कोणाशी? बाईच्या घामाला तर वेगळा हिशेबही नाही. जॉबर गेला, मुकादम उरला. अभ्यास संपला असे म्हणणे त्या मुकादमाच्याच सोयीचे आहे.

अभ्यासकांनाही दोष आहेच. मजुरावरचे ग्रंथ मजुराला न कळणाऱ्या इंग्रजीत लिहायचे, त्यावर पदोन्नती मिळवायची आणि कालव्याच्या कडेला कधी उभेही राहायचे नाही, ही पांडित्याची उचलच होय. ती फेडलीच पाहिजे. गेल ऑम्वेट यांनी ती फेडली. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलीला प्रबंध लिहिला, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावी संसार थाटला. २०२१ साली मृत्यूने गाठले, तेही त्याच गावात. परदेशात जन्मलेल्या बाईला जे जमले, ते आपल्या प्राध्यापकांना का जमू नये?

आपल्या ख्रिस्तसभेनेही आरशात पाहावे. १९५५ सालापासून १ मे हा कामगार संत योसेफाचा सण आहे. त्या दिवशी सुतारकामाचे गोडवे गायले जातात. अडवून ठेवलेल्या मजुरीवर संत याकोबाने जे कडक शब्द लिहिले, त्यांवर प्रवचन क्वचितच होते. २०२५ साली नव्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले आणि त्यामागे ‘रेरुम नोव्हारुम’ची आठवण असल्याचे स्वतः सांगितले. आपण टाळ्या वाजवल्या. परंतु ते परिपत्रक किती धर्मग्रामांच्या वाचनालयांत मराठीतून मिळेल?

धर्मगुरूच्या पाचारणासाठी आपण प्रार्थना करतो. श्रमाचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासकाचे कामही पाचारणच आहे. अशा एका तरी मुलीला धर्मग्रामाने शिष्यवृत्ती द्यावी आणि एकच अट घालावी: प्रबंध कोणत्याही भाषेत लिही, पण त्याचा सारांश मराठीत लिहून सिद्धेश्वरच्या कालव्यावर वाचून दाखव. तेथे जो प्रश्न विचारला जाईल, तीच तिची खरी परीक्षा.