काच कापण्याची मजुरी बिलावर वेगळी लिहा

फुटलेली तावदाने बदलून घेतली की काचवाल्याच्या बिलावर बहुधा एकच हिशेब असतो: इतके चौरस फूट, अमुक दराने. कापण्याची मजुरी त्यात दिसत नाही, म्हणून ती फुकटच मिळाली असे गिऱ्हाईक धरून चालते. हा हिशेब कारागिरावर अन्याय करणारा आहे. मुळात कटर काच आरपार कापत नाही. त्याच्या टोकाचे टंगस्टन कार्बाइडचे इवलेसे चाक (जुन्या कटरला तिथे हिरकणी असे) काचेवर रेघ ओढते आणि रेघेखाली बारीक तडा उतरतो. अशा सूक्ष्म भेगांमुळेच काच इतकी सहज फुटते, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० साली मांडले. कारागीर ती भेग हवी तिथे पाडतो. हात हलका पडला तर तडा उतरत नाही, जड पडला तर कडेच्या कपच्या उडतात. रेघ एकदाच मारायची. तिच्यावरून चाक पुन्हा फिरवले तर काच भलतीकडे फुटते आणि चाकाची धारही जाते. नक्षीच्या काचेला रेघ गुळगुळीत बाजूने मारायची, लॅमिनेटेड काचेला दोन्ही बाजूंनी. टफन काच तर भट्टीत जाण्याआधीच मापात कापावी लागते. नंतर छेडली की तिचा चुरा होतो.

आता हे काम यंत्रे करतात, असे कोणी म्हणेल. कारखान्यात एका मापाच्या शेकडो काचा यंत्राने कापाव्यात, त्यात वाद नाही. पण जुन्या लाकडी खिडकीची चौकट क्वचितच काटकोनात उरलेली असते. तिचे दोन्ही कर्ण मोजावे लागतात, पावसाळ्यात लाकूड फुगेल म्हणून काच दोन-तीन मिलिमीटर लहान ठेवावी लागते. हा अंदाज माणसालाच बांधावा लागतो. मजुरी वेगळी लिहिली तर बिल फुगेल, ही दुसरी शंका. ते पैसे गिऱ्हाईक आजही देतेच. फक्त ते काचेच्या दरात मुरलेले असतात, आणि त्यातले कापणाऱ्याच्या हाती किती पडतात हे कुणालाच कळत नाही. आकडा कागदावर आला की त्याला निदान दर मागता येईल, आणि काच उचलताना लागणारे हातमोजे व तोडताना लागणारा चष्मा यांचा खर्चही त्या दरात धरता येईल. सुताराची मजुरी आपण लाकडापासून वेगळी देतो. काचेच्या दुकानांनी तोच रिवाज पाळावा, आणि गिऱ्हाइकानेही बिल हातात घेताना कापण्याचे किती लावले, हे विचारावे.