नदीत मत्स्यबीज सोडलं की मासे वाढतात का? महाडचा वाळणकोंड काय सांगतो?

पावसाळा लागला की सोशल मीडियावर माशांचे दोन प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरतात.

पहिल्यात एखाद्या तलावावर कार्यक्रम असतो. नारळ फुटतो, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उघडतात आणि हजारो बारीक पिल्लं पाण्यात सोडली जातात. खाली कॉमेंट येते, "आता मासेच मासे!"

दुसरा व्हिडिओ कोकणातला असतो. पहिल्या पावसात ओढ्याला लोंढा आलाय, पाग टाकलाय आणि अंड्यांनी फुगलेले चढणीचे मासे बादलीत पडतायत. तिथली कॉमेंट वेगळी, "आमच्याकडे आता पूर्वीसारखे मिळत नाहीत."

मासे कमी झाले म्हणून सोडायचे, एवढं हे गणित सोपं आहे का? याचं उत्तर शोधायला रायगड जिल्ह्यातला महाड-पोलादपूरचा पट्टा चांगला आहे. इथे एक डोह असा आहे, जिथे माशांना पिढ्यानपिढ्या कुणी हात लावलेला नाही. आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहतही आहे.

वाळणकोंड म्हणजे नेमकं काय?

कोकणात नदीच्या खोल डोहाला कोंड म्हणतात. महाड तालुक्यात, बिरवाडीहून आत गेलं की काळ नदीवर वाळण गावाजवळ असा एक कोंड आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं आहे आणि डोहातले मासे देवीचे मानले जातात. ते पकडायचे नाहीत, मारायचे नाहीत, खायचे नाहीत. उलट येणारे भाविक त्यांना खायला टाकतात आणि खाणं पडलं की काळ्या पाठीचे मोठाले मासे वर येतात.

हे मासे प्रामुख्याने महासीर आहेत. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. ब्रिटिश अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक डब्ल्यू. एच. सायक्स यांनी 1839 मध्ये या माशाची नोंद केली, तीही पुण्याच्या मुळा-मुठेतून. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनेही हा मासा आपल्याच सह्याद्रीतला.

वाळणकोंडाला गावाच्या नियमाने संरक्षण आहे. वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसेश्वर मंदिराजवळचा डोहही असाच राखलेला आहे. अभ्यासक अशा जागांना लोकांनी राखलेली मत्स्य अभयारण्यं म्हणतात.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वाळणकोंडात मासे टिकले, ते डोह राखल्यामुळे. बाहेरून पिल्लं आणून सोडल्यामुळे नाही.

मग मत्स्यबीज सोडणं चुकीचं आहे का?

नाही. फक्त ते कुठे सोडतोय, हे बघावं लागतं.

तलावात जे बीज सोडतात, ते बहुतेक कटला, रोहू आणि मृगळ या तीन माशांचं असतं. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. त्यामुळे एकाच तळ्यात तिघं एकमेकांच्या ताटात फारसे हात घालत नाहीत.

हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधले मासे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण त्यांची वीण होत नाही. म्हणूनच तळ्यात बीज दरवर्षी सोडावं लागतं. पीक काढलं की पुन्हा पेरणी, तसंच.

हे बीज मुबलक मिळू लागलं, त्यामागे एक भारतीय शोध आहे. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. त्याआधी नदीतून बीज गोळा करावं लागायचं. आज 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो त्यामुळेच.

बीजाचा आकारही महत्त्वाचा. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू म्हणजे जिरे, थोडं वाढलं की बीज आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. मोठ्या जलाशयात जिरे ओतले तर ते बहुतेक इतर माशांच्या पोटात जातात. म्हणून तिथे साधारण 100 मिलिमीटरची बोटुकली सोडावी, अशी तज्ज्ञांची शिफारस असते. "एवढे लाख मासे सोडले" अशा बातमीत त्यांचा आकार दिला नसेल, तर त्या लाखाला फारसा अर्थ नाही.

थोडक्यात, गावतळं किंवा धरणाचा जलाशय असेल, मासेमारी संस्था असेल, विक्री होणार असेल, तर बीज सोडणं ही शेती आहे. त्यातून लोकांना रोजगार मिळतो आणि ताटात मासा येतो. गोंधळ होतो तो हाच उपाय वाहत्या नदीला लावला की.

नदीत सोडले तर काय बिघडतं?

याचं सर्वात मोठं उदाहरण महासीरचंच आहे.

लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून महासीरचं बीज तयार करण्याचं केंद्र चालवलं आहे. हा मासा सावकाश वाढतो, एका वेळी तुलनेने कमी अंडी घालतो आणि त्याला स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. अशा माशाची कृत्रिम वीण जमवणं सोपं नव्हतं. या केंद्राने ते जमवलं आणि लाखो पिल्लं देशभरात पाठवली. पुढे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ म्हणजे आययूसीएनने टॉर खुद्रीला 'संकटग्रस्त'वरून 'कमी चिंताजनक' वर्गात आणलं, तेव्हा त्याचं श्रेय या कामालाही दिलं गेलं.

पण याच पिल्लांपैकी काही कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. कावेरीत आधीपासून वेगळा महासीर होता. पाठीला कुबड असलेला, 50 किलोपर्यंत वाढणारा, जगभरातल्या गळ टाकणाऱ्यांना ओढून आणणारा. गळाने मासे पकडणाऱ्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा 1998 ते 2012 या काळात बाहेरून आलेला महासीर वाढत गेलेला आणि मूळचा कुबडवाला घटत गेलेला दिसला.

आणखी धक्का म्हणजे या प्रसिद्ध माशाला तोवर शास्त्रीय नावच पक्कं नव्हतं. 2018 मध्ये तो टॉर रेमादेवी आहे हे स्पष्ट झालं आणि त्याच वर्षी त्याची नोंद थेट 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. हेतू चांगला होता, मासाही भारतीयच होता. फक्त तो त्या नदीचा नव्हता.

महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांकडे बघितलं तर हा मुद्दा लगेच कळतो. कृष्णा आणि सावित्री, दोन्हींचा उगम तिथलाच. पण कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि सावित्री पोलादपूर, महाड करत पश्चिमेला बाणकोटच्या खाडीला मिळते. एकाच डोंगरावरून निघालेल्या या नद्यांचं पाणी पुढे कुठेच भेटत नाही, त्यामुळे त्यांतले मासेही हजारो वर्षं वेगवेगळे वाढले. म्हणून सावित्री किंवा काळ नदीत महासीर सोडायचा विचार झालाच, तर तो कुठल्या खोऱ्यातला आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा.

आणि पुराचं काय? महाडमध्ये तळं आणि नदी यांच्यातला बांध कायमचा नसतो. जुलै 2021 मध्ये महाड शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा खोऱ्यातल्या सखल भागात काय कुठून कुठे वाहून गेलं असेल, याचा अंदाज करता येतो. तिलापियासारखा चिवट परदेशी मासा तळ्यात ठेवला, तर एक पूर त्याला नदीत न्यायला पुरेसा आहे. थाई मांगूरच्या पालनावर तर 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळल्याच्या बातम्या येत असतात.

सावित्रीत मासे कमी होण्याची कारणं कोणती?

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे. महाड एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नद्यांचे 351 पट्टे जाहीर केले, त्यात महाराष्ट्रातले 53 होते. सावित्री त्या यादीत होती. वाळणकोंड मात्र काळ नदीच्या वरच्या अंगाला, कारखान्यांच्या आधी येतो. देवीच्या धाकाने जाळं थांबतं, रसायन थांबत नाही. देहूच्या इंद्रायणीतले मासेही श्रद्धेने राखलेलेच होते. तिथे मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत.

दुसरं कारण चढणीचं. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ते अंडी घालण्यासाठी. रायगडमध्ये याला वलगण म्हणतात. वलगणीचे मासे हा इथल्या जेवणाचा आणि आठवणींचा भाग आहे. पूर्वी दोन-चार घरं पाग घेऊन जायची. आता रील बघून गाड्या भरून लोक येतात. शिवाय ओढ्यावर बंधारा असेल तर मासा वर चढूच शकत नाही, तो बंधाऱ्याखाली साचतो आणि तिथेच पकडला जातो. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते आणि मच्छीमार ती माशांच्या विणीसाठी म्हणून समजून घेतात. नदीच्या माशांची वीणही याच दिवसांत असते, पण त्यावर साधी चर्चाही होत नाही.

तिसरं कारण उन्हाळ्यातलं. मे महिन्यात नदी आटते आणि मासे डोहात गोळा होतात. तेव्हा डोहात सुरुंगाची कांडी, ब्लिचिंग पावडर किंवा विजेचा शॉक वापरला, की मोठ्या माशांपासून पिल्लांपर्यंत सगळं एकदम संपतं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला आपल्याकडे 1897 च्या कायद्यापासून मनाई आहे. अडचण अंमलबजावणीची आहे.

गाळ काढायचा की डोह राखायचा?

इथे खरा पेच आहे.

2021 च्या पुरानंतर सावित्री आणि तिच्या उपनद्यांमधला गाळ आणि बेटं काढण्याचं काम सुरू झालं. ज्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं, त्यांना "माशांसाठी गाळ राहू द्या" असं कुणी सांगू शकत नाही. ती मागणी जिवाची आहे.

पण गाळ आणि डोह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदी म्हणजे सरळ गटार नसतं. तिच्यात खोल डोह असतात, उथळ खळखळाट असतो, गोट्यांचे आणि वाळूचे पट्टे असतात. महासीर अंडी घालतो तो गोट्यांच्या वाहत्या पाण्यात आणि उन्हाळा काढतो डोहात. पोकलेनने सगळं पात्र एका पातळीत आणलं, तर मासा राहायची आणि विणीची जागा एकदम जाते. त्यात यंत्रं उन्हाळ्यातच उतरू शकतात, आणि मासेही तेव्हाच डोहात अडकलेले असतात.

पुराचा धोका कमी करायचा तर कुठे काढायचं आणि कुठे सोडायचं, हे ठरवून करता येतं. शहराजवळ जिथे पाणी तुंबतं तिथला गाळ आधी, आणि वरच्या अंगाचे ओळखीचे कोंड नकाशावर टाकून बाजूला. हे कोंड कोणते, हे सांगायला बाहेरच्या सल्लागाराची गरज नाही. प्रत्येक गावात त्यांची नावं माहीत असणारी माणसं आहेत.

मग पुढच्या वेळी व्हिडिओ दिसला तर?

मत्स्यबीज सोडल्याचा व्हिडिओ दिसला की तीन गोष्टी बघा. पाणी साचलेलं आहे की वाहतं? मासा कुठला आहे आणि किती मोठा? आणि सोडल्यावर पुढचं वर्षभर त्या पाण्याकडे कोण बघणार आहे?

तलाव असेल, बोटुकली असेल आणि संस्था जबाबदार असेल, तर खुशाल लाइक करा. वाहती नदी असेल, तर आधी विचारा की तिथे विणीच्या दिवसांत जाळं थांबतं का, सांडपाणी थांबतं का आणि डोह शिल्लक आहे का. ही तीन उत्तरं 'हो' असतील तर नदी आपले मासे स्वतः वाढवते. 'नाही' असतील तर सोडलेली पिल्लंही तिथे जगणार नाहीत.

वाळणच्या लोकांनी एकच नियम पाळला, या डोहातला मासा मारायचा नाही. तसा एकेक कोंड सावित्रीच्या वरच्या गावांनी राखायचं ठरवलं, तर त्यासाठी निधी लागणार नाही. ग्रामसभेचा ठराव आणि मे-जूनमध्ये डोहाकडे लक्ष ठेवणारी चार माणसं पुरतील. एमआयडीसीच्या सांडपाण्याचं तसं नाही. त्याचं उत्तर कारखान्यांनी आणि सरकारनेच द्यायचं आहे.