एका दाताचं भांडण

रविवारी पहाटे कात्रजच्या अलीकडे टपरीवर चार गाड्या उभ्या राहिल्या की चहाच्या आधी वाद येतो. कावासाकी निंजा ३००च्या पुढच्या स्प्रॉकेटला दात किती असावेत? कंपनीने १४ दिलेत. कागदावर त्याला स्प्रॉकेट म्हणतात, गॅरेजात सॉकेट. तळहातावर मावेल एवढं दातेरी चाक, किंमत एका टाकी पेट्रोलहून कमी. पण त्याच्या एका दातावरून लोक एकमेकांशी बोलायचे थांबलेले मी पाहिलेत.

या प्रश्नावर तीन पंथ आहेत. तेरावाले म्हणतात, एक दात कमी करा, गाडीला ताकद येते. पंधरावाले म्हणतात, एक दात वाढवा, टॉप स्पीड आणि ॲव्हरेज दोन्ही मिळतात. तिसरे सनातनी. कंपनीने दिलं ते दिलं, त्याला हात लावणं त्यांना पाप वाटतं. तिन्ही पंथांत माझे मित्र आहेत आणि तिघांचंही मला पटत नाही. स्प्रॉकेट बदलावं, खुशाल बदलावं, असं माझं मत आहे. पण हे लोक सांगतात त्या कारणांसाठी नव्हे.

आधी तेरावाले, कारण आवाज त्यांचाच मोठा. ताकद वाढते म्हणजे काय वाढतं? या इंजिनाची ताकद ३९ पीएस, तीही ११,००० फेऱ्यांना. ती सिलिंडरात जन्मते, आणि स्प्रॉकेट सिलिंडरापासून फार दूर आहे. पहारीने दगड हलला म्हणून हमालाचा दंड काही जाड होत नाही. पुढे १४ आणि मागे ४२ दात असताना पुढचं स्प्रॉकेट तीन वेळा फिरलं की मागचं एकदा फिरतं. पुढे १३ केले की तेच काम व्हायला ३.२३ फेरे लागतात. म्हणजे पहार ७.७ टक्क्यांनी लांब झाली, एवढंच. या गाडीच्या पाचव्या आणि सहाव्या गिअरमधलं अंतर सुमारे १७ टक्के आहे. एक दात काढून तुम्ही जे कमावलंत ते अर्ध्या गिअरहूनही कमी.

आणि ते मिळवायला पाना कशाला हवा? ताशी ६० किलोमीटरवर तिसऱ्या गिअरमध्ये मूळ गाडीचं इंजिन साधारण ६,७५० फेऱ्यांवर असतं. १३ टाकलेल्या गाडीचं ७,३००च्या आसपास. तेरावाला म्हणेल, बघा, पिकअप! पण मूळ गाडीवाल्याने त्याच वेगात नुसता दुसरा गिअर टाकला, तर तो ८,५००च्या वर जाऊन तेरावाल्याच्या तोंडासमोरून निघून जातो. डावा पाय सगळ्यांना फुकट मिळालेला आहे.

एक कबुली मात्र द्यावी लागते, आणि ती पुढे माझ्याच कामाला येणार आहे. पहिल्या गिअरच्या खाली गिअर नसतो. तिथे डाव्या पायाचा युक्तिवाद संपतो.

पंधरावाल्यांशी माझं वैर जुनं आहे, कारण मी त्यांच्यापैकी एक होतो. मिस्त्रींनी सांगितलं, "साहेब, हायवेला गाडी एकदम मऊ होईल," आणि मी १५ बसवून घेतलं. मऊ झाली हे खरं. ताशी १०० वर सहाव्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ६,८५० फेऱ्यांऐवजी ६,४०० वर आलं, हँडलची झिणझिण कमी झाली आणि शिरवळपर्यंत मी स्वतःची पाठ थोपटत गेलो. मग खंबाटकी आला. साताऱ्याकडे जाताना तेव्हा बोगदा वाट्याला यायचा नाही, घाटच चढावा लागायचा. मागे बायको, पुढे उसाचा ट्रॅक्टर, आणि सहावा ओढेना. पाचवा टाकला, पाचवाही कण्हू लागला. चौथ्यात कुठे गाडीने दम खाल्ला. खाली मऊ झालेली गाडी वर मलूल झाली होती. बायकोने मागून विचारलं, "नवीन काय बसवलंयस ते हेच का?"

टॉप स्पीडचं तर आणखी गमतीचं. गाडीचा वेग शेवटी हवा अडवते, आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग एक दशांशाने वाढवायचा तर ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढवावी लागते. मूळ गिअरिंगवर सहाव्या गिअरमध्ये ११,००० फेऱ्या म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, आणि ही गाडी सपाटीवर साधारण तिथेच थकते. म्हणजे ताकदीचा माथा आणि वेगाचा माथा कंपनीने एकमेकांसमोर आणून ठेवलेत. १५ टाकलं की कागदावर ११,००० फेऱ्यांना १७० च्या पुढचा आकडा येतो, पण रस्त्यावर येत नाही. १६० वर इंजिन आता १०,३०० च्या खाली फिरतंय, माथ्याच्या अलीकडे. तिथे त्याच्याकडे पूर्वीइतकीही ताकद नाही. टॉप स्पीड वाढवायला गेलेला माणूस तो घटवून परत येतो. ॲव्हरेजचं म्हणाल, तर सरळ सपाट महामार्गावर एका वेगात तासन्‌तास जाणाऱ्याला थोडा फायदा आहे. शहरात नाही. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये ताशी १० वर चालताना मूळ गाडी २,१५० फेऱ्यांच्या जवळपास असते, १५ वाली २,००० वर येते. चालवणारा मग हाफ क्लचवर येतो, आणि वाचलेलं पेट्रोल क्लच प्लेटा घासण्यात जातं.

इथवर वाचून सनातनी टाळ्या वाजवत असतील. "बघा, शेवटी कंपनीचा हिशेबच बरोबर निघाला ना! तिथले इंजिनिअर काय मूर्ख बसलेत?" मूर्ख मुळीच नाहीत. उलट ते हुशार आहेत म्हणूनच त्यांनी हा आकडा कधी पवित्र मानला नाही. निंजा २५०आर आठवा, २००९ साली भारतात आली आणि बजाजच्या दुकानांतून विकली गेली ती. तिला पुढे १४, मागे ४५ दात होते. २०१३ साली तिची जागा घ्यायला ३०० आली. तिच्या गिअरबॉक्सात दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा हे चारही गिअर दातागणिक तेच राहिले. क्लचकडे जाणारी पहिली जोडीही तीच. इंजिन मोठं झालं म्हणून पहिला आणि सहावा गिअर तेवढे बदलले, आणि मागच्या स्प्रॉकेटचे तीन दात कमी करून ४२ केले. यामाहाने आर१५च्या दुसऱ्या आवृत्तीत याच्या उलट केलं, मागचे ४२ दात ४७ वर नेले. जे काम टपरीवरची पोरं करतात तेच काम कंपन्या करतात, फक्त त्यांच्या हातात तक्ते असतात. रेसिंगच्या संघांची तर गोष्टच सोडा. ट्रॅक बदलला की स्प्रॉकेट बदलायचं, हे त्यांच्याकडे हवापाण्याइतकं नेहमीचं आहे. कोइंबतूरचा आखूड ट्रॅक आणि चेन्नईजवळचा लांब ट्रॅक यांना एकच स्प्रॉकेट चालत नाही. मग वरंधा घाट आणि बेंगळुरूचा महामार्ग यांना एकच चालावं, हा आग्रह कशासाठी?

कंपनीचा हिशेब बरोबर आहे, पण तो १६० चा हिशेब आहे. एकच गाडी अनेक देशांत विकायची, तिथल्या आवाजाच्या आणि धुराच्या चाचण्यांतून पार करायची, वर जाहिरातीतला वेगही गाठायचा. या सगळ्यांची समजूत काढणारा आकडा म्हणजे तीन. त्या समजुतीत पुण्याचा माणूस कुठे बसतो? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ताशी ८०. उरतात ताम्हिणी, वरंधा, पसरणी, आणि रोजचा सिंहगड रस्ता. म्हणजे ज्या वेगासाठी सहावा गिअर आखला तो वेग आमच्या आयुष्यात नाही, आणि ज्या वेगात आम्ही रोज जगतो तिथे पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये दरी आहे. दरी हा शब्द मोजून वापरतोय. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना प्रमाण २.७१४ वरून थेट १.७८९ वर पडतं. वरच्या कुठल्याही दोन गिअरांमध्ये एवढं अंतर नाही. वरंध्याच्या वळणावर ताशी ३० ला आलात की दुसऱ्यात इंजिन जेमतेम ४,३०० वर, झोपाळलेलं. पहिला टाकावा तर ६,५०० वर, आणि थ्रॉटलला बोट लागलं की गाडी उसळते. पावसात, शेवाळलेल्या डांबरावर, मला यातलं काहीच नको असतं.

आता कोणीतरी माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकणार की डावा पाय फुकट आहे ना, मग हलव! हलवतोच. पण वर कबुली दिली होती. पहिल्याच्या खाली पाय न्यायला जागा नाही, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मधेही नाही. सहा खणांच्या कपाटातला वरचा खण माझा हात पोचत नाही म्हणून रिकामा पडतो आणि खालच्या दोन खणांत गर्दी होते. अशा वेळी कपाटच थोडं खाली घेतलं, तर सहाही खण कामाला येतात. ताकद वाढली नाही, पण जिथे लागते तिथे आली. माझ्या मते स्प्रॉकेट बदलण्याचं हे एकच प्रामाणिक कारण आहे.

पण म्हणून मी तेरावाला झालो नाही. पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान, तितकी चेनची प्रत्येक कडी जास्त मुडपते, आणि १३ वर ती जास्त मुडपून लवकर झिजते. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन, हे गणित ध्यानात ठेवलं तर वळसा घालता येतो. मी पुढे १४ तसेच ठेवून मागे ४५ घातले. ३.२१४, म्हणजे २५०आरचंच प्रमाण. सनातन्यांना बोलायला जागाच उरली नाही, कारण आकडा त्यांच्याच देवाचा.

फक्त या वाटेला चेन आडवी येते. ५२० च्या चेनचे दोन पिन एकमेकांपासून १५.८७५ मिलिमीटरवर असतात. पुढचा दात एकाने वाढला की तीच चेन ठेवून मागचं चाक जवळजवळ ४ मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. मागे तीन दात वाढवले तर १२-१३ मिलिमीटर. नव्या चेनवर तेवढी जागा पुढे बहुधा नसते, म्हणून मी दोन कड्या जास्त असलेली चेन घेतली आणि चाक मूळ जागेहून जेमतेम तीन मिलिमीटर मागे बसलं. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर मात्र उठून यावं. ताणलेली चेन नव्या दातांवर नीट बसत नाही. ती दाताच्या शेंड्याकडे चढते आणि दोघांनाही खाते. चेन-सॉकेटचा पूर्ण सेट घेताना खिसा दुखतो, म्हणून तर हा बदल जुना सेट झिजल्यावरच करावा.

स्पीडोमीटरचीही चौकशी करावी. वेग पुढच्या चाकावर मोजला जात असेल तर काही फरक पडत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूने मोजला जात असेल तर गिअरिंग खाली आणल्यावर काटा थापा मारू लागतो, आणि न धावलेले किलोमीटरही मीटरवर चढतात. गाडी विकायच्या दिवशी ते समजावून सांगणं अवघड जातं.

हा बदल सगळ्यांसाठी नाही. आता १०० वर माझं इंजिन ७,३०० च्या पुढे फिरतं आणि आरसे थरथरतात. माझा एक मित्र महिन्यातून दोनदा पुण्याहून बेंगळुरूला जातो, त्याला मी ४५ सुचवणार नाही. त्याने १४-४२च ठेवावं, आणि रस्ता सगळा सपाट मिळणार असेल तर १५ सुद्धा. ठरवण्याआधी आठवडाभर एवढंच करावं की रोज घरी आल्यावर आज सहावा किती वेळ लागला आणि पहिल्यात हाफ क्लचवर किती वेळ गेला, ते लिहून ठेवावं. टपरीवरच्या चर्चेपेक्षा ती वही जास्त खरं बोलते. माझ्या वहीत सहाव्याच्या रकान्यात पाच दिवस शून्य होतं.

पंधरावाल्यांना माझ्याकडून एक भेट आहे. ते १५ दातांचं स्प्रॉकेट अजून माझ्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय. दात शाबूत, गंज नाही. पुण्यापासून खंबाटकीपर्यंत एकदाच वापरलेलं. परतीला बोगदा होता, म्हणून ते मोजत नाही.