हायपो की हायपर? रिपोर्टवरचा लांबलचक शब्द तोडायचा कुठे?

मावशीचा थायरॉइडचा रिपोर्ट आला आणि मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘हायपर निघालंय.’ रिपोर्टवर होतं हायपोथायरॉइडिझम. तासाभरात तिला वजन वाढवायचे सल्ले सुरू झाले. हायपोमध्ये वजन मुळातच वाढतं!

असे बहुतेक शब्द ग्रीक तुकडे जोडून बनलेत. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. ‘हायपोग्लायसेमिया’त तीन तुकडे आहेत: कमी, गोड, रक्त. म्हणजे रक्तातली साखर घटलेली, साधारण ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. अशा वेळी पेशंट शुद्धीत असेल तर लगेच साखर द्यायची असते. फोनवर ‘हायपर’ ऐकू आलं, तर घरचे नेमकी तीच रोखून धरतील.

शब्दाचं शेपूटही बघा. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं, ‘स्टॉमी’ म्हणजे तोंड उघडणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात. कोलोस्टॉमीत त्याच आतड्याचं तोंड पोटावर आणतात. ऐकायला जवळपास सारखंच, पण संमतीपत्रावर सही करणाऱ्याला हा फरक माहीत हवा.

गोची अशी, की अर्थाचे सांधे आणि उच्चाराचे तुकडे जुळतातच असं नाही. गॅस्ट्रो म्हणजे जठर, एंटेरो म्हणजे आतडं, लॉजी म्हणजे शास्त्र. बोलताना मात्र गॅस्-ट्रो-एं-ट-रॉ-ल-जी, आणि जोर ‘रॉ’वर. (हेलिकॉप्टरही मुळात हेलिको अधिक प्टर. तसं तोडून कोण बोलतं?) म्हणून समजून घेताना सांध्यावर तोडा, बोलताना जिभेला सोयीचं तिथे. ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’चं ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ झालं तर काही बिघडत नाही, पुढच्याला डोळ्यांचा विभाग कळतो. ‘पो’चा ‘पर’ झाला तर बिघडतं.

माझं म्हणणं, ही जबाबदारी एकट्या पेशंटवर नको. देवनागरीत लिहिलं तसं वाचता येतं, मग डिस्चार्ज कार्डावर ‘हायपो-थायरॉइडिझम’ अशी जोडरेघ देऊन, शेजारी ‘थायरॉइड कमी’ छापायला काय हरकत आहे? कार्ड कॉम्प्युटरवरूनच निघतं. मी इंजिनीअर आहे, काम एका ओळीचं आहे. बातम्यांत आम्हीही हे शब्द जसेच्या तसे उतरवतो, तेही थांबायला हवं.

मावशीच्या फाइलवर आता लाल स्केचपेनने एकच अक्षर आहे: ‘पो’.