राखून ठेवलेली रोपे

भाताची लावणी आटोपली तरी जाणता शेतकरी वाफ्यातील सगळी रोपे उपटून संपवीत नाही. थोडी राखून ठेवतो. आठ-दहा दिवसांनी शेतात नांग्या दिसू लागल्या, की त्या भरून काढण्यास हीच रोपे उपयोगी पडतात. हॉकीच्या संघालाही हाच नियम कसा लागू पडतो, हे ह्या आठवड्यात पाहू.

ही हकीकत अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील ‘ब्लूज’ नावाच्या धंदेवाईक संघाची आहे. तेथील हॉकी बर्फावर खेळतात. सामन्यासाठी वीस खेळाडू सज्ज असतात: बारा आघाडीचे, सहा बचावाचे आणि दोन गोलरक्षक. आघाडीच्या तिघा-तिघांच्या चार फळ्या होतात आणि प्रत्येक फळी पाऊण मिनिटाच्या सुमारास खेळून बाकावर परतते, कारण बर्फावरील त्या वेगात माणूस ह्याहून अधिक काळ टिकत नाही. म्हणून पहिली फळी कितीही नामांकित असली, तरी सामन्याचा मोठा भाग इतरांच्याच हाती असतो. त्यातच 2018-19 च्या हंगामात साखळीचे सामने ब्याऐंशी होते. दुखापती ह्या व्हायच्याच.

हा संघ 1967 साली लीगमध्ये आला. 1968, 1969 आणि 1970 अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने अंतिम फेरी गाठली, परंतु त्या फेऱ्यांतील एकही सामना त्याला जिंकता आला नाही. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक स्टॅनली करंडकाने त्याला हुलकावणीच दिली. 2018 च्या जुलैत व्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग ह्यांनी बफेलो संघाकडून रायन ओ’रायली ह्याला मिळविले आणि डेव्हिड पेरॉन, टायलर बोझॅक व पॅट मरून ह्यांनाही करारबद्ध केले. परंतु खेळाडू जमविल्याने संघ जमतोच असे नाही. नोव्हेंबरात प्रशिक्षकाला जावे लागले आणि क्रेग बेरुबे ह्यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. 3 जानेवारी 2019 रोजी सकाळी एकतीस संघांच्या तक्त्यात ब्लूज अगदी तळाशी होते.

आता काय करावे? मोठे खेळाडू देऊन टाकावेत आणि पुढील वर्षांसाठी नवी पोरे घ्यावीत, अशी चर्चा वृत्तपत्रांतून चालली होती. आर्मस्ट्राँग ह्यांनी घाई केली नाही. संघाचा गाभा त्यांनी मोडला नाही आणि नांगी भरण्यासाठी वाफ्याकडे पाहिले.

त्या वाफ्यात जॉर्डन बिनिंग्टन नावाचा पंचवीस वर्षांचा गोलरक्षक होता. 2011 साली निवडला गेलेला हा तरुण कनिष्ठ लीगमध्येच वाट पाहत राहिला होता. आदल्या वर्षी तर तो बॉस्टनच्या कनिष्ठ संघाकडे उसना दिला गेला होता. हंगामाच्या आरंभी गोलरक्षकांच्या क्रमात त्याचा नंबर चौथा होता. 7 जानेवारीला तो प्रथमच सामन्याच्या प्रारंभापासून उभा राहिला आणि त्याने एकही गोल होऊ दिला नाही. पुढे संघाने लागोपाठ अकरा सामने जिंकले आणि तळाचा संघ बाद फेरीत पोहोचला.

तथापि सारे श्रेय एकट्या बिनिंग्टनला देणे न्यायाचे होणार नाही. अलेक्झांडर स्टीन हा 2008 पासून ह्या संघात खेळणारा ज्येष्ठ आणि मानाचा खेळाडू. बेरुबे ह्यांनी त्याला चौथ्या फळीत बार्बाशेव आणि सुंदक्विस्ट ह्यांच्या जोडीला बसविले. तेथे तो कुरकुर न करता राबला आणि ती फळी प्रतिस्पर्ध्यांच्या उत्तम खेळाडूंना अडविणारी भिंत ठरली. पहिला गोलरक्षक जेक ॲलन ह्याची जागा गेली. तरी तो बिनिंग्टनचा पाठीराखाच राहिला. डॅलसविरुद्धच्या सातव्या सामन्यात दुसऱ्या जादा डावात निर्णायक गोल केला तो सेंट लुईसच्याच मरूनने. झॅक सॅनफोर्डला अंतिम मालिकेच्या पहिल्या दोन सामन्यांत स्थान नव्हते. 12 जून 2019 रोजी बॉस्टन येथे सातव्या सामन्यातील चौथा गोल त्याच्याच काठीतून आला. ब्लूज 4–1 असे जिंकले. बिनिंग्टनने 33 फटक्यांपैकी 32 अडविले, तेही ज्या संघाच्या कनिष्ठ संघाकडे तो उसना दिला गेला होता त्याच्याविरुद्ध! मालिकांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ओ’रायलीला मिळाला.

मात्र एकदा भरलेली नांगी कायमची भरलेली राहत नाही. 2020 साली हाच संघ पहिल्याच फेरीत व्हँकूव्हरकडून हरला आणि त्याच वर्षी कर्णधार पिएत्रांजेलो दुसऱ्या संघात गेला. संघाच्या एकूण पगारावर लीगची मर्यादा असते. जिंकलेल्या खेळाडूंचे मोल वाढते आणि सर्वांना धरून ठेवणे परवडत नाही. म्हणून वाफा दरवर्षी नव्याने पेरावा लागतो.

वाचकहो, आपल्या गावच्या संघातही बाकावर बसणारे मुलगे असतात. त्यांना सरावाला बोलवा, मधूनमधून खेळवा, त्यांची विचारपूस करा. आणि ज्येष्ठ खेळाडूंनी स्टीनचे उदाहरण ध्यानात ठेवावे: मागची जागा दिली, तरी ती मानानेच सांभाळावी.